वहिनींचा लवाजमा

एस्प्लनेडच्या साडीच्या दुकानात मालकाने चहा मागवला. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी मागे उभी होते. माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "दीदी भी लेंगी?"

वहिनी साडीवरची नजर न काढता म्हणाल्या, "उसको रहने दीजिए. वो हमारे आंतुराज में है."

दोघं हसले. मीही हसले. शब्द कळला नव्हता, तरी हसले. त्याचीच जास्त लाज वाटते.

मी सॉल्ट लेकच्या एका सरकारी कार्यालयात अधिकारी. नागपूरहून बदलून आलेली. वहिनी म्हणजे माझ्या साहेबांची बायको. पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, "मॅडम काय म्हणतेस? वहिनी म्हण. परक्या गावात आपणच आपली माणसं." मराठी ऐकायला कान आसुसलेले. मी विरघळले. मग दर शनिवारी फोन. "ये गं." मी चांगली साडी नेसून जायची आणि त्यांच्या पिशव्या धरायची. घरच्या माणसासाठी करतोच की आपण, असं वाटायचं. खुळी कुठली!

घरी येऊन लेकीला शब्द विचारला. तिने फोनमध्ये पाहिलं.

"फ्रेंचमधून आलाय, आई. मूळ अर्थ वेढणं. मोठ्या माणसाला वेढून असतात ना, ती माणसं." मग म्हणाली, "तुला कोण म्हणालं?"

मी साडी बदलायला आत गेले.

आमच्याकडे त्याला लवाजमा म्हणतात. माझे आजोबा महार. पाटलाच्या घोड्यापुढे काठी घेऊन अनवाणी धावायचे. एक दिवस ती काठी पाटलाच्या अंगणात टाकली आणि गाव सोडलं. म्हणून बाप शिकला. म्हणून मी. आणि मी पुन्हा तिथेच. तेही कुणी न ढकलता, आपल्या पायांनी. मोरीत नळ सोडून खूप रडले.

पुढच्या शनिवारी फोन आला. "ये गं, बालीगंजला जायचंय."

"मी येणार नाही, मॅडम."

"मॅडम?"

"हो."

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. माझा गोपनीय अहवाल तेच लिहितात. बढती त्यावरच.

"तिला वाईट वाटलं हं."

"मलाही वाटलं, सर. साडीच्या दुकानात."

ते फाइल चाळायला लागले. मला बसा म्हणाले नाहीत.

अहवालात काय लिहायचं ते लिहू देत. बढती गेली तर जाऊ दे, रडेन पुन्हा. कामाची फाइल घेऊन साहेबांसमोर उभी राहीन. पिशव्या घेऊन कुणाच्या मागे, कधीच नाही. माझ्या लेकीला तो शब्द माझ्यासाठी पुन्हा शोधावा लागणार नाही.