टेलरबाईंची बस

टेलरबाई नगरपालिकेवर निवडून आल्या त्या बसच्या जोरावर. कालव्यापलीकडच्या वस्तीला बस नव्हती. दवाखाना, कॉलेज, बाजार सगळं अलीकडे. जायचं तर सहा आसनी रिक्षा भरेपर्यंत ताटकळत बसायचं, आणि अंधार पडला की रिक्षाही बंद. कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या कितीतरी बायकांनी त्यापायी नोकरी सोडली होती. ब्लाउजची मापं देताना त्या हेच बोलत, आणि बाई गळ्यात टेप अडकवून ऐकत. शेवटी त्या स्वतःच निवडणुकीला उभ्या राहिल्या.

अडचण अशी, की त्यांचा थोरला भाऊ त्याच रिक्षावाल्यांचा म्होरक्या. प्रचारात आपल्या रिक्षावर भोंगा बांधून त्यानेच बहिणीसाठी मतं मागितली होती, तीही बसचं नाव घेऊन. निवडून आल्यावर खरंच कोण बस आणतंय, असं त्याला वाटलं असावं.

बाईंनी मात्र पिच्छा सोडला नाही. सभेत अधिकारी म्हणाले, हा मार्ग तोट्यात जाईल. बाईंनी विचारलं की रस्त्यावरच्या दिव्यांतून पालिकेला काय नफा होतो. सभागृहात हशा पिकला. तरी हो-नाही करता करता बराच काळ गेला आणि मग बस मंजूर झाली.

त्या दिवशी भाऊ दुकानात आला. बसला नाही.

"माझ्या पोटावर पाय देतेस?"

"दादा, तू दिवेलागणीला घरी येतोस. त्यानंतर बायकांनी यायचं कसं?"

तो निघून गेला. बोलणं तुटलं ते तिथे.

बस पहिल्यांदा आली तेव्हा रिक्षावाल्यांनी थांब्यासमोर रिक्षा आडव्या लावल्या होत्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. बाई एका बाजूला उभ्या होत्या. भावापुढे जायला त्यांचे पाय उचलत नव्हते. तेवढ्यात त्यांची आई काठी टेकत आली. ती राहायची मुलाकडेच, गुडघे पार गेलेले. रिक्षांमधून वाट काढत ती बसच्या दाराशी पोचली. ड्रायव्हरने बटण दाबलं, पायरी खाली झुकली, म्हातारी वर चढली आणि खिडकीशी बसली.

"तुझ्या रिक्षात मला दोघांनी ढकलावं लागतं," ती मुलाला म्हणाली. "इथे माझी मी चढले. आता गाडी बाजूला घे, मला दवाखान्यात जायचंय."

त्याने घेतली. बाकीच्यांनीही घेतल्या.

पुढे त्याचा धंदा बसला. काहींनी रिक्षा विकल्या. त्याने विकली नाही. टेकाडावरच्या अरुंद गल्ल्यांत बस वळत नाही, तिथली माणसं तो खाली थांब्यावर आणून सोडू लागला. मिळकत आधीसारखी नव्हती, पण चूल पेटत होती. एकदा तो खाकी शर्ट घेऊन दुकानात आला, कॉलर फाटलीय म्हणाला. बाईंनी कॉलर उलटून शिवून दिली. चहा झाला. बसचा विषय दोघांनीही काढला नाही.

पुढच्या निवडणुकीत बाई पडल्या. रिक्षावाल्यांची मतं गेली होती, आणि बसमधून फिरणाऱ्यांना ती कोणी आणली याचा विसर पडला होता. बाईंना वाईट वाटलं, थोडे दिवस. नव्या नगरसेवकाने फेऱ्या कमी करायचं ठरवलं, तेव्हा दुसऱ्या पाळीच्या बायका थेट पालिकेत जाऊन बसल्या. बाईंना त्यांनी बोलावलंही नाही. फेऱ्या कायम राहिल्या.