ताई खुर्चीवर दिसत नाहीत

वसई पूर्वेला आमचा गाळा होता. आमचा म्हणजे साहेबांचा. पण दिवसभर राबायला आम्ही, म्हणून जिभेला आमचा म्हणायची सवय. तिथे प्लास्टिकच्या डब्यांची झाकणं बनायची. ऑफिसात दोन टेबलं. एकावर मी, माल पाठवायचं बघणारी, आणि दुसऱ्यावर हिशेबाचे भाऊ. भाऊ मूळचे कोकणातले, विरारला फ्लॅट घेऊन राहिलेले, अगदी सज्जन माणूस. साहेब मुंबईला राहायचे आणि गाळ्यावर क्वचित फिरकायचे. त्याची भरपाई म्हणून त्यांनी ऑफिसात कॅमेरा बसवला. साधासुधा नाही हो, ऐकणारा आणि बोलणारा! साहेब घरी चहा पिता पिता मोबाइलवर आम्हाला बघणार, आणि वाटलं तर छतातून बोलणार. पहिल्यांदा वरून पंखा बंद करायचा हुकूम आला, तेव्हा मी हात जोडायची तेवढी राहिले. भाऊंनी त्याचं नाव आकाशवाणी ठेवलं.

इथवर गंमत होती. मग साहेबांनी ग्रुपवर लिहिलं की धंदा मंदा आहे, दिवाळीपर्यंत दोनातलं एक टेबल कमी करावं लागेल. कोणाचं, ते काम बघून ठरवू. झालं! आमची आगाशीला वाडी आहे, पण केळीचा काही भरवसा नाही, आणि घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी मी एकटी. भाऊंचंही तेच, त्यांचे तर फ्लॅटचे हप्ते चालू. त्या दिवसापासून आम्ही काम कमी आणि काम करताना दिसणं जास्त करायला लागलो. म्हणजे भाऊ लागले. मला ते जमेना, कारण माझं काम खुर्चीवर नव्हतंच मुळी. गठ्ठे मोजायला, टेम्पो भरून घ्यायला, ड्रायव्हरशी हुज्जत घालायला मागच्या गोडाऊनमध्ये जावं लागे, आणि तिथे कॅमेरा नव्हता. झाकणं कोण चोरणार? मी तिकडे घामाघूम, आणि इकडे ग्रुपवर साहेबांचा मेसेज: ‘ताई खुर्चीवर दिसत नाहीत.’ भाऊ मात्र कायम दिसायचे. जेवण झालं की चष्मा लावून, माउसवर हात ठेवून ते इतकी सुरेख डुलकी काढायचे की मलाच हेवा वाटायचा. कॅमेऱ्याला तो मन लावून काम करणारा माणूस वाटत असणार.

अशात आमच्या वाडीत नारळ पाडले. सासूबाई म्हणाल्या, साहेबाला पन दे, पानी गोड हाय यंदा. म्हणून संध्याकाळी निघताना मी भाऊंना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की उद्या साहेबांना नारळ देऊन टाकते, आणि तुम्हालाही देते. कामावरून काढण्यालाही आपण हेच म्हणतो, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे नारळ म्हणजे नारळ.

सकाळी पोचते तर साहेब दारात हजर! चेहरा उतरलेला, शर्टाची बटणं खालीवर लावलेली. कोण कोणाला नारळ देतंय, असं त्यांनी मला थेट विचारलं. शेजारच्या गाळेवाल्याने आम्हाला फितवलंय आणि आम्ही दोघं गिऱ्हाइकं घेऊन तिकडे चाललोय, अशी सगळी कथा त्यांनी घरी बसून रचली होती. मी पिशवी पुढे केली. साहेबांनी आत वाकून पाहिलं, एक नारळ काढला, कानाशी धरून हलवला, आणि मग हसायला लागले. भाऊ तर ठसका लागेपर्यंत हसले. पिशवी गाडीत ठेवून, गोडाऊनकडे ढुंकूनही न बघता साहेब निघून गेले. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, माणूस आपल्या घरचे नारळ घेऊन गेलाय, आता कशाला आपल्याला काढतोय.

त्याच महिन्याच्या अखेरीस आकाशवाणी झाली. आवाज मुद्दाम मऊ केलेला. ताई, सगळं रेकॉर्डिंग पाहिलं, तुमची खुर्ची बहुतेक वेळ रिकामीच दिसते, तेव्हा उद्यापासून येऊ नका. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले आणि कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिले, नीट दिसेन अशी.

“साहेब,” मी म्हटलं, “नारळ तर आमच्याच वाडीतले गेले होते. त्यातला एक तरी परत द्यायचा.”

मी डबा, छत्री, पाण्याची बाटली पिशवीत भरली. भाऊ उठले, पिशवी माझ्या हातातून घेतली आणि भर कामाच्या वेळात मला गेटपर्यंत सोडायला आले. त्यांचे डोळे भरले होते. तुम्ही मागे गोडाऊनमध्ये काय करायचात ते मी साहेबांना सांगायला हवं होतं, असं काहीतरी पुटपुटत होते. खरं तर उद्याच सांगतो, म्हणाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात आम्हा दोघांचेही फोन एकदम वाजले. मला ग्रुपमधून काढायचं राहिलं होतं.

‘भाऊ खुर्चीवर दिसत नाहीत.’

भाऊंनी ते वाचलं, पिशवी माझ्या हातात दिली, आणि पळतच आत गेले.