सासूबाईंसाठी टाळी

टाळ्या वाजवायच्या त्या देवळातल्या देवापुढे. थडग्यापुढे हात नुसते जोडायचे, तेही मुकाट्याने. तोकिहारू इसोगाईंना हे लहानपणापासून ठाऊक होतं. तरीही शरदातल्या पितरांच्या आठवड्यात, बायकोच्या थडग्यावर पाणी ओतून, उदबत्ती लावून झाल्यावर त्यांनी खणखणीत दोन टाळ्या वाजवल्या.

शेजारच्या थडग्यापाशी आलेलं अख्खं कुटुंब वळून बघायला लागलं. भटजींनी सभ्यपणे आकाशाकडे पाहिलं.

"भाऊजी," धाकटी मेव्हणी इत्सुको दबक्या आवाजात म्हणाली, "ताई इथं आहे, तळ्यात नाही."

"हातांना वळण लागलंय," इसोगाई पुटपुटले.

वळण लागणारच. गेला महिनाभर ते न्हाणीघरात टाळीचा सराव करत होते. कधी पोकळ तळव्यांची, कधी ओल्या हातांची. निवृत्त माणसाने वेळ कसा घालवावा यावर पुष्कळ लोक सल्ले देतात. हा कुणी दिला नव्हता.

गावच्या जुन्या बागेतल्या तळ्यात एक म्हातारा पांढरा मासा होता. कपाळावर काळा डाग, तोंड कायम वाकडं. सासूबाई वारल्या त्या वर्षी मिसाओने, इसोगाईंच्या बायकोने, त्या माशाचं नाव 'आई' ठेवलं. "बघा ना, तुमच्याकडे अगदी तशीच बघते." मग दर शरदात दोघं गोड पुरण लावलेले भाताचे गोळे डब्यात घेऊन बागेत जायची. मिसाओ दगडी पुलावर उभी राहून टाळ्या वाजवायची आणि आई तळ्याच्या पार टोकापासून डुलत यायची. इसोगाईंनी वाजवल्या की पाणी ढिम्म.

"जावयाच्या हाकेला ती जिवंतपणी तरी कुठे आली होती?" मिसाओ हसायची.

आता मिसाओही नव्हती. घर विकलं गेलं होतं. बर्फ पडायच्या आत इसोगाईंना लेकीकडे उत्तरेला साप्पोरोला जायचं होतं, आणि त्यांचे गुडघे परतीची हमी देत नव्हते. निरोप न घेता गाव सोडणं बरं दिसत नाही. मायलेकींपैकी समोरासमोर निरोप घेता येईल अशी आता ही एकच उरली होती. तिने एकदा, फक्त एकदा, त्यांच्या टाळीला यावं एवढंच त्यांचं मागणं होतं.

थडग्यावरून ते आणि इत्सुको थेट बागेत आले. इसोगाई पुलावर उभे राहिले, कोटाची बटणं लावली, पाण्याकडे वाकले आणि टाळ्या वाजवल्या. काही नाही. पुन्हा वाजवल्या. तेवढ्यात मागे कुजबुज झाली. सहलीला आलेल्या चार बायका त्यांच्यामागे रांगेत उभ्या होत्या.

"इथे काय मागतात हो?" पहिलीने अदबीने विचारलं.

"सासू," इसोगाईंच्या तोंडून निघून गेलं.

"सुटका?"

"भेट."

बाईंनी त्यांच्याकडे फार कणवेने पाहिलं. मग चौघींनी एकेक करून पाण्यासमोर वाकून टाळ्या वाजवल्या आणि समाधानाने निघून गेल्या. त्यांची कुणाची काय कामं झाली देव जाणे. आई आली नाही.

"मेली असेल," इसोगाई म्हणाले. "किंवा अजून राग धरून आहे."

"चला आता, भाऊजी. गोळे सुकतायत. आणि लोक बघतायत," इत्सुको वैतागून म्हणाली, आणि पुलाच्या दगडावर तिने दणदण दोनदा पाय आपटला.

टोकाकडचं पाणी हललं. काळा डाग वर आला. आई डुलत, कुठलीही घाई नसल्यासारखी, थेट पुलाखाली येऊन थांबली.

इसोगाई पाण्याकडे बघायचं सोडून मेव्हणीच्या बुटांकडे बघत राहिले.

"काय झालं? ताईसुद्धा अशीच आपटायची," इत्सुको म्हणाली. "टाळीबरोबर पाय. लहानपणापासून. आमची आई ओरडायची, मजला खाली येईल म्हणून."

जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. बिघाड कानाने नाही, भिंतीला तळवा लावून थरथरीवरून ओळखायचा, असं ते नव्या पोरांना ऐटीत शिकवत. आणि बायको शेजारी पूल हलवत होती तेव्हा हे तज्ज्ञ तिचे हात बघत राहिले. हात छान होते, एवढीच काय ती सबब.

निरोपाचं छोटं भाषण त्यांनी तयार ठेवलं होतं. ऋतूचा उल्लेख, उपकारांचा उल्लेख, बायकोला नीट सांभाळता आलं नाही त्याची माफी. आई वाकड्या तोंडाने वर बघत होती, आणि भाषणातला एकही शब्द आठवेना. चाळीस वर्षं कामावर निघताना दारातून जे म्हणायचे तेवढंच ओठांवर आलं.

"जाऊन येतो."

घरात मागे राहिलेल्या माणसाने याला उत्तर द्यायचं असतं. गेली दोन वर्षं ते कुणी दिलं नव्हतं. इत्सुकोच्या तोंडात गोळा होता. तिने तो घाईघाईने गिळला.

"जाऊन या," ती म्हणाली.

आईने मात्र खायला काही मिळत नाही असं पाहिलं आणि पाठ फिरवली. अगदी नेहमीसारखी. इसोगाईंना बरं वाटलं. त्यांनी डब्यातला गोळा उचलला आणि गुडघा सांभाळत, हळूच, एकदा पाय आपटून पाहिला.