कर्नलला कामाला लावणारी कॅप्टन

“सर, ये वाला असली है!”

कॅप्टन प्रणाली मेश्राम ओरडली आणि मी मार्क मांडायचा थांबलो. लखनौबाहेरचं मैदान, जूनचं ऊन. समोर खोटा बॉम्बस्फोट झालेला. लाल रंग फासलेले जवान जखमी म्हणून पडलेले, काहीजण जरा जास्तच मनापासून विव्हळणारे. मी कर्नल, डॉक्टर आणि त्या दिवशीचा परीक्षक.

लष्करात डॉक्टर कसे तयार होतात, असं लोक विचारतात. एमबीबीएस झालेल्या मुलांच्या खांद्यावर कॅप्टनचे तारे लागतात आणि ती आमच्याकडे ट्रेनिंगला येतात. सॅल्यूट, नकाशे, लढाईतली वैद्यकी शिकतात. मग युनिट, पुढे स्पेशलायझेशन. सगळ्यात अवघड धडा ट्रायाजचा. म्हणजे आधी सगळ्या जखमींना भराभर बघायचं, कोणाला आधी न्यायचं ते ठरवायचं, माणसं कामाला लावायची. स्वतः एकापाशी बसून राहायचं नाही. हुशार पोरांना नेमकं हेच जमत नाही.

प्रणालीलाही जमलं नव्हतं. पहिल्या परीक्षेत सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्यापाशी बसून तिने त्याला सुरेख बँडेज बांधलं. तेवढ्यात मागचे तिघे आमच्या हिशेबी मेले. ही शेवटची संधी होती. आता नापास, तर ज्युनियर बॅचबरोबर सगळं पहिल्यापासून. पोस्टिंग लांबणार, पीजी त्याहून लांब.

पोरगी आलमबागची, वडील मूळचे नागपूरचे, रेल्वेत. मी मराठीत विचारायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची.

“घाबरलीस का?” सकाळी मी विचारलं होतं.

“बहुत, सर.”

आणि आता हा जवान. पाय तुटल्याचं नाटक करायचं सोडून असंबद्ध बडबडत होता. मला तो चांगला नट वाटला. प्रणालीने अंगाला हात लावला. चटका बसावा इतकं तापलेलं. उष्माघात.

आता ही इथेच बसणार आणि पुन्हा नापास होणार, असं मला वाटलं. वाईटही वाटलं.

“हवलदार साहब, एम्बुलेंस! कपड़े ढीले करो, पानी डालते रहो!” मग ती माझ्याकडे वळली. “सर, आप खाली हैं. इसके साथ आप जाइए.”

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

“जाइए, सर!”

मी गेलो. ओल्या चादरी, बर्फ, सलाईन करत त्याला हॉस्पिटलात पोचवलं. संध्याकाळी तो शुद्धीवर आला आणि म्हणाला, “साहब, एक्टिंग ठीक थी?”

परत आलो तर आमचे प्रमुख ब्रिगेडियरसाहेब तंबूत तापलेले.

“परीक्षक मैदान सोडून गेलाच कसा?”

“सर, कॅप्टनने हुकूम दिला.”

त्यांनी तिला बोलावलं. “पेशंट असली था, तो आप खुद क्यों नहीं गईं?”

“सर, बाकी सब भी उसी धूप में पड़े थे.”

मी गेल्यावर तिने नाटक थांबवून सगळ्यांना सावलीत हलवलं होतं, एकेकाला तपासलं होतं. आणखी दोघे चक्कर येऊन पडायच्या बेतात सापडले.

“और कर्नल साहब को ऑर्डर?”

“मैदान में एक ही डॉक्टर खाली थे, सर.”

ब्रिगेडियरसाहेब माझ्याकडे वळले. मग हसू दाबत म्हणाले, “मार्क तुम्हीच द्या.”

मी पैकीच्या पैकी दिले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला रिकामा म्हणणारी ती एकटीच, आणि तिचं म्हणणं खरं होतं.