ओळख न देणारे डॉक्टर

डॉक्टर धुळाजीराव रस्त्यात कुणाकडे बघायचे नाहीत. समोरून ओळखीचा माणूस आला की हे दुकानांच्या पाट्या वाचायला लागत. बारामतीत त्यांचा दवाखाना आणि माझं औषधांचं दुकान भिंतीला भिंत लावून होतं, त्यामुळे पहिल्या महिन्यातच मी त्यांना शिष्ट ठरवून मोकळा झालो. मेंढ्या राखणाऱ्याचा पोरगा डॉक्टर झाला, आता त्याला आभाळ ठेंगणं झालंय, असंही लोक बोलत.

एकदा मी तोंडावरच विचारलं. ते हसले. "अण्णा, मी मनोविकाराचा डॉक्टर. मी ज्याला रामराम घालीन त्याच्याकडं लोक बघत बसत्यात. पेशंटनं आधी ओळख दिली तर द्यायची, न्हायतर आपण आंधळं."

माणूस सुप्याकडच्या कोरड्या रानातला. पाण्याचा पेला कायम अर्धाच भरून घ्यायचे. त्यांची चुलती मरेपर्यंत मेंढ्यांच्या वाड्यात खुंट्याला बांधलेली होती, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. पण त्यातून आलेलं वाक्य मात्र रोज ऐकवायचे, "अंग तापलं की दवाखाना आणि मन बिघडलं की खुंटा. हे कुठलं शहाणपण?"

नव्वदच्या दशकात जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि हे अपक्ष उभे राहिले. मी म्हटलं, उसाच्या पट्ट्यात तुम्हाला कोण विचारतंय? तर म्हणाले, "मनाच्या आजाराच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळाल्या पायजेत. अर्ज करून थकलो. आता मतं मागून बघतो."

विरोधकांना फार डोकं चालवावं लागलं नाही. 'शहाणे असाल तर वेड्यांच्या डॉक्टरला मत देऊ नका' असं भिंतीभिंतीवर रंगवून झालं. डॉक्टर म्हणाले, पावसात जाईल धुऊन. खरी गोची वेगळीच होती. उमेदवाराला दारोदार हात जोडावे लागतात. काटेवाडीत, पिंपळीत ते सगळ्यांना हात जोडत निघाले, फक्त आपल्या पेशंटच्या दारावरून सवयीप्रमाणे मान फिरवून पुढे गेले. मी बरोबर होतो, माझ्याही लक्षात आलं नाही. मागून जीपमधून येणाऱ्या विरोधी कार्यकर्त्यांच्या मात्र ते अचूक लक्षात आलं. ज्याला डॉक्टरनं हात जोडले नाहीत तो त्याचा पेशंट, असं चार दिवसांत चहाच्या टपऱ्यांवर पसरलं.

पिंपळीच्या रामभाऊंची थोरली लेक सुनंदा डॉक्टरांच्या औषधानं बरी झाली होती. शिवणाचं मशीन चालवायची, इंदापूरच्या घरात तिचा साखरपुडाही झाला होता. डॉक्टर तिच्या दारावरून मान फिरवून गेले आणि आठवड्याभरात इंदापूरकरांनी सोयरीक मोडली.

डॉक्टरांना राहवलं नाही. शेवटच्या सभेत त्यांनी माईकवर सांगितलं, "पिंपळीची कुठलीही मुलगी माझी पेशंट नाही." पिंपळीचं नाव तोवर सभेत कुणी काढलंही नव्हतं. मी कपाळाला हात लावला. ज्यांना शंका होती त्यांचीही फिटली.

निवडणुकीत ते सपाटून पडले. पेशंट आटले. रामभाऊंनी पोरीचं औषध बंद केलं.

काही महिन्यांनी रामभाऊ भर दुपारी माझ्या दुकानात आले. "त्या जुन्या गोळ्या द्या. पोरगी झोपत न्हाय, येकटीच बोलत बसती." डॉक्टर आतल्या बाकावरच बसले होते. ते उठून पुढे आले.

"रामभाऊ, तिला बघितल्याबिगर न्हाय जमायचं. मी येतो घरी."

"नगा येऊ. तुमची गाडी दारात थांबली तर धाकटीबी घरात बसंल."

"मग चालत येतो."

"आदी कोण वळखत नव्हतं तुमाला," रामभाऊ शांतपणे म्हणाले. "आता समदा तालुका वळखतो."

डॉक्टरांनी मला खूण केली, मी गोळ्या दिल्या. नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला त्या दिवशी माझ्याच गावाची किळस आली.

उन्हाळ्यात सुनंदा कालव्यात सापडली. निरोप दुकानात आला तेव्हा डॉक्टर समोरच होते. त्यांनी चपला घातल्या, पायरीपर्यंत गेले आणि परत येऊन बाकावर बसले.

"मातीला जाता येत न्हाय, अण्णा," ते म्हणाले. "धाकटीचं लग्न व्हायचंय."