हातवालीच्या बांगड्या

शिरगावच्या शाळेत इतिहास शिकवायला आले तेव्हा मी पंचविशीची होते आणि माझे हात उघडे होते. त्याच्या काही वर्षं आधी साताऱ्याकडे, नवरा गेला त्याच दिवशी, चुलत सासूबाईंनी माझी दोन्ही मनगटं धरून उंबऱ्यावर आपटली होती. रुतलेली काच नंतर मीच सुईने काढली. माहेरी परत आले तर तिथेही कोणी माझ्याकडे सरळ बघेना. वडिलांनी शिकवलं, आणि लांबची नोकरी लागली तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं, उगाच खोटं कशाला बोलू.

लांब म्हणजे किती लांब, ते पालघर स्टेशनवर उतरल्यावर कळलं. सुक्या मासळीचा वास सोसेना, बोलणं अर्धंच समजे. गावातले काही तरुण तारापूरकडे वीजघराच्या बांधकामावर जायला लागले होते. संध्याकाळी परतले की त्यांच्या गप्पा सिमेंटच्या आणि ठेकेदाराच्या. बाकीचे शिक्षक पालघरला राहायचे, घंटा झाली की सायकली काढायचे. मी एका कोळ्याच्या घराची मागची खोली भाड्याने घेतली होती. पुढच्या घरात नवरा-बायको दोघंच, माझ्याहून लहान, सारखी कशावरून तरी हसणारी. त्यांचं हसणं भिंतीतून ऐकू यायचं आणि माझी खोली मला खायला उठायची.

बोलायला मेलेले राजे तेवढे होते. वर्गात इजिप्त आलं की मला चेव यायचा. राजाच्या थडग्यापाशी होडी ठेवत, असं सांगितलं तेव्हा मुलं एकदम सावरून बसली.

"होडी कशाला, बाई?"

"पलीकडच्या जगात जायला."

"आन् जाळी?"

जाळ्यांचं पुस्तकात काही नव्हतं. मग तो राजा तिकडे उपाशीच राहिला असणार, यावर वर्गाचं एकमत झालं.

रविवारी मी गावातल्या जुन्या किल्ल्यावर जायची. तिथल्या ओसाड तटावर बसून डबा खायचा, पुस्तक वाचायचं आणि परत यायचं, एवढाच कार्यक्रम. अशाच एका रविवारी किल्ल्याच्या पलीकडे, किनाऱ्यावरच्या भेंडीच्या झाडाखाली तो दगड दिसला. छातीएवढा उंच. वर चंद्र-सूर्य, त्याखाली कोपरात वाकवून उभारलेला एक हात, तळवा उघडा, मनगटात बांगड्या. सगळ्यात खाली पिंडीपुढे शेजारी शेजारी बसलेली दोन माणसं. शेंदराचे थर चढले होते, तरी मी लगेच ओळखलं. सतीचा दगड. नवऱ्याच्या चितेवर गेलेल्या बाईचा. बांगड्या शाबूत, कारण ती विधवा झालीच नाही. खालची दोघं म्हणजे मेल्यावर कैलासात पोचलेलं जोडपं. कॉलेजात हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. इथे मात्र त्या हातासमोर उभी राहिले आणि अंगाचा तिळपापड झाला. जाळलं तिला, आणि वर दगड कोरून ठेवला. तरी पुढच्या रविवारी मी पुन्हा तिथेच गेले. जायला दुसरी जागाच नव्हती.

गावात तिला हातवाली म्हणत. होड्या निघाल्या की बायका तिला फूल वाहून येत. माझी घरमालकीण तर रोज जायची.

"ती किनाऱ्यावर उभी ऱ्हाऊन हात करते," तिने मला समजावलं. "म्हनून आमची मानसं वाट चुकत नाय." आणि मग चिडवत म्हणाली, "तुमी दगडाशी बोलता, बाई. आमच्याशी नाय बोलत."

मी हसले. सती, चिता, कैलास, सगळं गिळून टाकलं.

त्या वर्षी अवेळी वादळ आलं. घरमालकिणीचा नवरा छोटी होडी घेऊन एकटाच गेला होता. बाकीच्या होड्या परतल्या, त्याची आली नाही. पुढे होडीची फळी दातिवऱ्याच्या किनाऱ्याला लागली. दुसरं काही मिळालं नाही. ती रोज हातवालीपाशी जाऊन बसायची. रडायची नाही. भिंतीपलीकडची शांतता माझ्याच्याने ऐकवेना.

शेवटी नवऱ्याचा चुलता आला. म्हातारा, समंजस माणूस, पोरासारखा वाढवलेला पुतण्या गमावून वाकलेला. देह मिळाला नव्हता, म्हणून दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि हिच्या बांगड्या फोडायच्या, असं जमातीने ठरवलं होतं. तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"हातवालीच्या हातात बांगड्या हायत तवर माज्या नाय फुटनार."

"पोरी, त्याला वाट मोकळी करून द्यायची का नाय?"

"मंग बाईंना इचारा. त्यांना जुने दगड वाचता येतात. हातवाली काय सांगते ते त्या वाचून दावतील. त्या सांगतील ते मी करीन."

आणि म्हाताऱ्याने ते मानलं. त्या दगडावर एक अक्षर नव्हतं. पण दर रविवारी पुस्तक घेऊन जाणारी बाई दगड वाचते, याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती.

आम्ही तिघं भेंडीखाली गेलो. मला उंबरा दिसत होता, माझा.

"हातवालीचा मानूस आला का परत?" तिने विचारलं.

मी तिचं बोट धरून खालच्या दोन आकृत्यांवर ठेवलं. "हे बघ. ही दोघं. शेजारी शेजारी बसलीत." मग ते बोट वर, मनगटावर नेलं. "आणि हिच्या बांगड्या कोणी फोडल्या नाहीत."

"म्हंजे आला," ती म्हणाली.

मी तिचं बोट सोडलं. एकही शब्द खोटा बोलले नव्हते. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला, मग माझ्या उघड्या हातांकडे. त्याला काय ते उमजलं असावं.

"बाईंनी वाचलंय," तो म्हणाला. "पुतळा करू. बांगड्या ऱ्हाऊ दे."

तसंच झालं. जमातीत कुरकुर झाली, पण म्हाताऱ्यापुढे कोणी बोललं नाही. पुतळ्याला अग्नी दिला त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली, हिरव्या बांगड्यांचे दोन्ही हात तोंडावर घेऊन.

नंतर एका दुपारी ती अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत घालत होती. तिला एकटीला राबताना मला बघवेना, म्हणून मीही नाक मुरडत मदतीला गेले. जन्मात पहिल्यांदा मासळीला हात लावला. माझी बाही मागे सरली तशी ती थांबली. माझं मनगट हातात घेऊन काचेच्या जुन्या वणांवरून तिने अंगठा फिरवला.

"तुमच्या वक्ताला," ती म्हणाली, "दगड वाचनारं कोन नव्हतं ना, बाई?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी नुसती मान हलवली आणि तिथेच, त्या बोंबलांच्या वासात, हुंदके देत रडले. तिने माझं मनगट सोडलं नाही.