भरल्या गाडीची दारं

भूकंपात आमचं घर पडलं तेव्हा आजी, चुलती आणि धाकटा भाऊ आत होते. राहिलो आई, वडील म्हणजे अण्णा, मी आणि अण्णांची जुनी अँबॅसडर. भिंत तिच्या टपावर कोसळली होती. इंजिन चालायचं, पण एकही दार नीट लागत नव्हतं. आम्ही पत्र्याच्या शेडात राहायचो, मिळालेल्या भांड्यांत शिजवायचो.

अण्णांनी दारं दोरीनं बांधली आणि औशाहून लातूरला शिकवणीच्या मुली न्यायचं काम मागितलं. तेव्हा लातूरच्या क्लासांसाठी गावंच्या गावं पोरं धाडत होती. मुलींचे बाप गाडीभोवती फिरले आणि परत गेले. एक म्हणाला, "दोरीच्या भरवशावर पोरगी बसवू का? म्हशी न्या यातून." गाडी चालली नाही तर माझं लातूरचं कॉलेज बंद, हे आईनं मला सरळ सांगितलं होतं.

लातूरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना आम्ही चाचा म्हणायचो. त्यांनी बिजागऱ्या सैल केल्या, ठोकळा देऊन जॅकनं दार उचललं, बिजागरीमागं पातळ पत्री सारली आणि फट वरपासून खालपर्यंत सारखी झाल्यावर बोल्ट आवळले. दार एका बोटानं लागलं. पण पहिल्याच फेरीला बाजारच्या बायकांनी गाडी भरली आणि मागची दारं अडकली ती उघडेचनात. बायका खिडकीतून उतरल्या.

अण्णा आईला आणि मला घेऊन चाचांकडे परत गेले. चाचांनी विचारलं, "किती बसवले होते?"

"नेहमीचेच. मागं सहा, पुढं चार."

"या खुदा! ड्रायव्हरसाहेब, ही मोटार हाय की वरात? वजनानं बॉडी बसते, दार घासतं. माझंच चुकलं, गाडी रिकामी ठेवून दार बसवलं. आपल्याकडं गाडी रिकामी असते कधी? जा, घरची माणसं आणा, आत बसवा. भरलेलीच लावतो."

अण्णा खाली बघत म्हणाले, "घरी आता या दोघीच हायत, चाचा."

चाचांनी पाना खाली ठेवला. मग आत जाऊन चाचीला, सुनांना, शेजारच्या बायकांना घेऊन आले. भर उन्हात आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो. आईच्या मांडीवर चाचांची नात होती, माझ्या भावाएवढीच. आईनं तिला दोन्ही हातांनी धरलं होतं. सुना खुसफुसल्या की चाचा ओरडायचे, "हसू नका गं, फट हलून राहिली!" आई हसली नाही. काम झाल्यावरही ती उतरेना. चाचीनं हळूच पोरगी काढून घेतली.

पुढच्या आठवड्यात मुलींचे बाप आले. पोरींना आत बसवून त्यांनी दारं उघडझाप करून पाहिली. एकानं आपल्या मुलीला तिथूनच क्लासला धाडलं, मग बाकीच्यांनीही. मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसून मीही दोन वर्षं लातूरला गेले, बारावी झाले, नांदेडला राहून पदवी घेतली. आमच्या घराण्यात पदवीधर झालेली मी पहिली.